काकांच्या जागा

मी मालवणात घरी बसून एका विज्ञान-नियतकालिकाच्या वेबसाइटचं काम करतो. जुने लेख स्कॅन केलेल्या पीडीएफमधून बाहेर काढायचे आणि फोनवर नीट वाचता येतील असे करायचे. दोन रकान्यांची पीडीएफ तुम्ही फोनवर कधी वाचली असेल, तर हे काम का लागतं ते कळेल. ओळ मोठी करा, डावीकडे सरकवा, उजवीकडे सरकवा, आणि तक्ता आला की सोडून द्या.

काम मला आवडतं. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांना वाचता यावं, असं मला मनापासून वाटतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं जर्नल १८८६ पासून निघतंय. त्याचे जुने अंक आज बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या साइटवर कुणीही फुकट वाचू शकतं. आपल्या सरकारनं २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती उघडतात सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांमध्ये. बंदरावर जाळं विणत बसलेल्या माणसासाठी नाही.

गेल्या पावसाळ्यात कामात एक लेख आला, आमच्याच किनाऱ्यावरचा. कुठल्या महिन्यात कुठला मासा कुठे जमतो, याचा तक्ता आणि नकाशा. माहिती सांगणाऱ्यांची नावं नव्हती. शेवटी आभारात फक्त ‘स्थानिक मच्छीमार’. त्या मच्छीमारांत माझे काका होते. मला तक्त्याची डाउनलोड करता येईल अशी फाइल करायची होती, आणि नकाशावरच्या ठिपक्यांचे अक्षांश-रेखांश काढून बोट लावताच उघडेल असा नवा नकाशा बनवायचा होता.

संध्याकाळी काकांना लेख मराठीत सांगत गेलो. ते खूश झाले. “बरोबर लिवल्यानी,” म्हणाले. मग मी नकाशा दाखवला. ते जरा वेळ गप्प बसले.

“ह्यो आता कोण बघतलो?”

“कोणीही, काका.”

“मगे एलईडीवालो पण बघतलो.”

एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्र सरकारची २०१७ पासून बंदी आहे. तरी रात्री समुद्रात उजेड दिसला की आमच्याकडे कुणाला आश्चर्य वाटत नाही. वाईट स्कॅन आणि इंग्रजी, या दोन गोष्टींनी इतकी वर्षं काकांच्या जागा झाकून ठेवल्या होत्या. ते झाकण काढण्याचा पगार मी घेत होतो.

ही भीती उगाच नाही. दक्षिण चीनमधल्या एका गुहापालीचं वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, ठिकाणासकट. पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी पकडणारे तिथे पोचले आणि काही वर्षांत ती त्या जागेवरून जवळपास संपली. आता कित्येक शास्त्रज्ञ दुर्मीळ प्राण्यांची नेमकी जागा छापत नाहीत. माहिती सापडावी, मिळावी, पुन्हा वापरता यावी, अशी तत्त्वं २०१६ मध्ये मांडली गेली. २०१९ मध्ये मूलनिवासी समाजांच्या माहितीबद्दल दुसरी तत्त्वं आली. ती विचारतात, माहिती ज्यांची आहे त्यांचा तिच्यावर अधिकार किती?

पण दुसरी बाजूही मला सोडत नाही. उद्या तिथे एखादा प्रकल्प आला, तर इथे मासा जमतो हे सांगायला हाच नकाशा पुरावा होईल. लपवलेली माहिती वेळेला कामाला येत नाही. आणि छापून झालेलं झाकणारा मी कोण? आज काकांसाठी झाकलं, उद्या कुणी कंपनीसाठी झाकायला सांगितलं, तर नाही कसं म्हणू?

शेवटी मी संपादकांना लिहिलं. लेख आणि तक्ता जसाच्या तसा उघडा ठेवू, मूळ नकाशाही काढायचा नाही. फक्त अक्षांश-रेखांशांचा नवा नकाशा त्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय जोडायचा नाही. सोबत मराठीत एक पानाचा सारांश द्यायचा. त्यांनी मान्य केलं. हा अर्धा उपाय आहे, मला माहीत आहे. ज्याला चिकाटी आहे तो जुन्या नकाशावरून जागा काढीलच. पण ते सोपं करून देणारा हात माझा नसेल.

रापणीत दोरीला हात लावला की वाटा मिळतो. या लेखाची दोरी काकांनीही ओढली होती, आणि वाट्याला आले ते आभारातले दोन शब्द. यापुढे जुना लेख उघडताना मी आधी शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचतो. तिथे ‘स्थानिक’ असा शब्द दिसला, की काम थांबवून ते कोण असतील याची चौकशी करतो. त्यामुळे काम मागे पडतं. संपादक अजून तरी काही म्हणालेले नाहीत.

मराठी सारांश काकांनी फोनवर स्वतः वाचला, चष्मा लावून, दोनदा. मग विचारलं, “ह्यात माझा नाव खय?”