न ऐकलेल्या आवाजाची ओळख

घराण्यातला गवई आपल्या उस्तादाचे नाव घेतो तेव्हा त्याचा हात आपसूक कानाच्या पाळीकडे जातो. या कृतीत आदर आहे, क्षमायाचनाही आहे, आणि स्मरण तर आहेच. पण स्मरण नेमके कशाचे? स्वतःच्या गायकीवर एक घराणे उभे करणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत हा प्रश्न फार टोकदार होतो. १८५५ साली जन्मलेले आणि १६ मार्च १९४६ रोजी मुंबईत वारलेले खाँसाहेब ध्वनिमुद्रिकांच्या काळात चांगली चार दशके जगले. १९०२ पासून गायिका गौहरजानच्या तबकड्या निघत होत्या, खुद्द त्यांच्या शिष्यांच्याही निघाल्या. खाँसाहेबांचा आवाज मात्र कुठेच नाही. ज्यांनी तो जाणत्या वयात ऐकला, ती पिढीही आता उरलेली नाही. कोल्हापुरात त्यांचा पुतळा आहे, गोविंदराव टेंब्यांनी लिहिलेले चरित्र आहे, नातवाला सांगितलेल्या आठवणी आहेत. पण गवयाचे जे मुख्य, ते गाणे, ज्यांनी ऐकले नाही त्यांनी त्या गवयाची आठवण काढायची म्हणजे काय करायचे?

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, या बाबतीत एक भेद केला आहे आणि तो इथे फार उपयोगी पडतो. निव्वळ स्मृतीला ते यथार्थ अनुभवाच्या पंक्तीला बसवत नाहीत. पूर्वी मनावर उमटलेला संस्कार जागा झाला की स्मृती होते, तिच्यात नवे काही कळत नाही. प्रत्यभिज्ञा निराळी. समोर कोणी उभा आहे, त्याला डोळे पाहत आहेत, आणि ‘तोच हा देवदत्त’ असे कळते. संस्कार जुना आणि प्रत्यक्ष ताजे, दोन्ही एकाच ज्ञानात येतात. माझे म्हणणे असे की संगीतगुरूचे खरे स्मरण या दुसऱ्या जातीचे आहे. तो आठवावा लागत नाही, तो आज गाणाऱ्या कंठात ओळखावा लागतो. पुण्यतिथीचे हार आणि भाषणे मी टाकाऊ मानत नाही. त्यांनी नाव टिकते, आणि नाव टिकणे हीही कृतज्ञताच आहे. पण नावापलीकडचा माणूस तिथे भेटत नाही.

पुरावा पाहू. खाँसाहेबांच्या घराण्यातल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांची ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत. केसरबाईंचा खुला, भरघोस आकार सभागृह व्यापून टाकतो. मोगूबाईंच्या गाण्यात लयीचा हिशोब इतका आतून मुरलेला आहे की तो दिसतही नाही. मन्सूर तर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेऊन या घराण्यात आले, आणि तेही थोरल्या खाँसाहेबांकडे नव्हे, त्यांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांच्याकडे. त्यांची घाईने उमलणारी, सारखी वळत जाणारी वाक्ये दोघींहून वेगळी आहेत. तीन गळे, तीन स्वभाव. तरीही तिघांतही स्वर लयीशी जखडून येतो, एका स्वरावर बसून राहण्यापेक्षा वळणावळणाने पुढे सरकतो, श्वास लांबवर पुरतो आणि समेकडे जाताना कुठेही सैल पडत नाही. बसंती केदार, सावनी नट, संपूर्ण मालकंस असे जोडराग आणि अनवट राग तिघांकडे सारख्याच हक्काने येतात. हे सामाईक द्रव्य तिघांपैकी कोणा एकाचे नाही. ते ज्याचे आहे, त्याला ऐकण्याचा तेवढा एकच मार्ग उरला आहे.

आणि या द्रव्यात खाँसाहेबांचे आयुष्यही मुरलेले आहे. तरुणपणी आमलेटा या छोट्या संस्थानात सलग कित्येक दिवस गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला. पुढे बऱ्याच काळाने तो परतला, पण पूर्वीचा उरला नव्हता. त्या बदललेल्या गळ्याला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली, आणि तीच पुढे घराण्याची ओळख झाली. म्हणजे धडधाकट, बुलंद आवाजाच्या केसरबाई जे गात होत्या, ते एका जखमी आवाजाने शोधून काढलेले उत्तर होते. दुखापत त्यांची नव्हती, उत्तर मात्र त्यांचे झाले. शैली टिकली पण माणूस हरवला, असा आक्षेप घेणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. इथे शैलीच माणसाचे चरित्र सांगते.

यावर बौद्ध तार्किकांचा जुना आक्षेप उभा राहतोच. कापलेले केस पुन्हा वाढतात आणि आपण ‘तेच हे केस’ म्हणतो. ते तेच नसतात, नुसते सारखे असतात. गुरूची ओळखही अशीच साम्याने झालेली फसगत नव्हे कशावरून? त्याहून अवघड प्रश्न असा की प्रत्यभिज्ञेला आधीचा अनुभव लागतो. खाँसाहेबांना न ऐकलेला माणूस त्यांना ओळखणार कसा? मला वाटते, दोन्हींचे उत्तर तालमीच्या खोलीत आहे. केस आपोआप वाढतात, गाणे आपोआप वाढत नाही. तिथे समोर बसलेला गुरू प्रत्येक जागेला ‘हे नाही’ किंवा ‘हां, हे’ म्हणत असतो. ज्याने मूळ ऐकले आहे त्याचा तो निवाडा असतो. मोगूबाई स्थायी-अंतरा दोनदाच म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही, असे त्यांची मुलगी आणि शिष्या किशोरीताई सांगत. त्या दोन वेळांत मुलीच्या कानाने सारे उचलायचे आणि मग आईने तपासायचे. खाँसाहेबांनी मोगूबाईंची जागा पारखली, मोगूबाईंनी किशोरीताईंची. ओळख अशी दर पिढीला प्रत्यक्षात झाली. आपल्यापर्यंत पोचते ती त्यांची साक्ष, आणि आप्तवाक्याला, म्हणजे विश्वासू माणसाच्या शब्दाला, प्रमाण मानणाऱ्या परंपरेला ती पुरेशी वाटायला हरकत नसावी. साक्षीदार चुकू शकतो, हे मान्यच. पण म्हणून साम्य आणि साक्ष यांत फरकच नाही असे होत नाही.

किशोरीताईंनी तर घराणे मोडले, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ होते. त्यांनी आलापी संथ केली, भावाला लयीच्या पुढे नेले. आईने त्यांना भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे आणि आग्र्याच्या अन्वर हुसेन खाँकडेही शिकू दिले होते. पण ‘तोच हा’ असे म्हणायला काळ बदललेला असावा लागतो, देवदत्ताचे केस पिकलेले असावे लागतात. हुबेहूब नकलेत ओळखण्यासारखे काही उरतच नाही, तिथे फक्त पुनरुक्ती असते. किशोरीताईंच्या द्रुत बंदिशीत, आवर्तनाच्या शेवटच्या मात्रांत अचानक घट्ट होत जाणाऱ्या वाक्यात आजोबागुरू लख्ख भेटतात, आणि ते भेटतात म्हणूनच बाकीचे सारे त्यांचे स्वतःचे आहे हेही कळते.

एका ठिकाणी मात्र माझे म्हणणे लंगडे पडते. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांची नावे घेऊन पिंड देतात. त्यापलीकडचे पितर नावाने येत नाहीत. खाँसाहेबांना वडिलांमागे घडवले ते चुलते जहांगीर खाँ यांनी. आधी वर्षानुवर्षे धृपद, मग ख्याल. त्यांनी पुतण्याला जे दिले ते आमलेट्यानंतरच्या गायकीतही असलेच पाहिजे, म्हणजे केसरबाईंतही आहे आणि मन्सूरांतही. पण कोणती तान जहांगीर खाँची आणि कोणती अल्लादिया खाँची, हे सांगू शकेल असा साक्षीदार आता मिळणे नाही. ते तिथे आहेत आणि त्यांना ओळखणारे कोणी नाही. नैयायिकाच्या हिशोबात हे ज्ञान होत नाही, आणि तरीही गाणारा ते रोज गातो. अशा उपस्थितीला स्मरण म्हणावे की नाही, यावर माझ्यापाशी नैयायिकाला पटेल असा युक्तिवाद नाही. तरीही मी तिला स्मरणच म्हणतो.