कपाळाचं नाक

"जीव वाचला ना, मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?" त्वचेचा कॅन्सर काढून चेहऱ्याची पुनर्रचना झालेल्या माणसाला हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. धीर द्यायचा असतो आणि दुसरं काही सुचत नसतं. पण जीव तेवढा खरा आणि चेहरा म्हणजे वरची सजावट, असं या बोलण्यात धरून चाललेलं असतं. मला ते साफ चुकीचं वाटतं. रुग्णाच्या बरं होण्यात तेच सर्वांत जास्त आडवं येतं, असंही मी म्हणेन.

आधी शरीराचंच बघू. खालची पापणी खाली ओढली गेली आणि डोळा पुरता मिटला नाही, तर बुबुळ कोरडं पडून त्यावर जखम होते. ओठ नीट जुळले नाहीत तर चहा हनुवटीवर ओघळतो आणि 'प', 'ब', 'म' म्हणता येत नाहीत. नाकपुडीला आतून कूर्चेचा आधार नसेल तर श्वास घेताना ती आत ओढली जाते आणि वाट बंद होते. म्हणून तर नाक नव्यानं करताना शल्यविशारद पुष्कळदा कानातून कूर्चेची चकती काढून आत बसवतात. यात सजावट कुठे आली? आणि हे झालं फक्त शरीराचं. ज्या चेहऱ्यावरून घरची आणि गावातली माणसं आपल्याला ओळखतात, रागावलो की हसलो हे समजून घेतात, तो बदलल्याचं दुःख करणाऱ्याला नटवं ठरवणं हा अन्याय आहे.

आपल्याकडे हा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या मानानं पुष्कळच कमी. त्वचेतलं मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून आपल्याला बरंच वाचवतं. पण कमी आढळतो म्हणूनच तो मनात येत नाही. यातला नेहमीचा प्रकार बेसल सेल कार्सिनोमा. जुने डॉक्टर त्याला रोडंट अल्सर म्हणत. तो शरीरात दुसरीकडे सहसा पसरत नाही, मात्र आहे तिथे सावकाश कुरतडत राहतो. भारतीय त्वचेवर तो पुष्कळदा काळसर असतो, म्हणून तीळ किंवा चामखीळ समजून सोडून दिला जातो.

माझ्या आत्याचं असंच झालं. सगळं आयुष्य शेतात गेलेली बाई. डाव्या नाकपुडीच्या कडेला काळा, चकचकीत कडांचा एक फोड आला. त्यावर खपली धरायची, पदरानं तोंड पुसताना ती निघायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा खपली. दुखत काहीच नव्हतं, त्यामुळे हळद आणि गावातल्या दुकानातलं मलम यावरच भागत राहिलं. शेवटी तुकडा काढून तपासला तेव्हा निदान झालं.

हा कॅन्सर काढण्याची सर्वांत काटेकोर पद्धत विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोझ या डॉक्टरांनी 1930च्या दशकात सुरू केली. एक पातळ थर काढायचा, त्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, जिथे पेशी शिल्लक दिसतील तिथलाच पुढचा थर काढायचा. त्यामुळे निरोगी कातडी शक्य तितकी वाचते. ही सोय आपल्याकडे थोड्याच ठिकाणी आहे. इतरत्र गाठ थोडी जास्त रुंद काढतात आणि कडा स्वच्छ असल्याचा अहवाल येईपर्यंत कधी कधी जखम तशीच पट्टीखाली ठेवतात. आत्याला तेच दिवस सर्वांत जड गेले. कॅन्सर गेलेला होता, नाक नव्हतं आणि नवं अजून झालेलं नव्हतं.

नाकपुडी नव्यानं करायची तर रंगाला, जाडीला जुळणारी कातडी कपाळाची. भुवईच्या आतल्या टोकापाशी एक लहान धमनी वर चढते. ती जपून, तिच्यावर उभी असलेली कपाळाची पट्टी सोडवतात, फिरवून खाली आणतात आणि नाकावर शिवतात. ही पट्टी लगेच तोडता येत नाही, कारण तिला रक्त अजून भुवईकडूनच मिळत असतं. साधारण तीन आठवड्यांत नाकाकडून नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात आणि मग मधला पूल कापतात. तोवर भुवईपासून नाकापर्यंत करंगळीहून जाड कातडीचा पूल डोळ्यांच्या मधून आडवा-तिरपा उतरलेला असतो. चष्मा बसत नाही. वाकायचं नाही, उशा उंच करून झोपायचं. सूज उतरताना डोळ्यांवर येते आणि एखाद्या सकाळी पापण्या उघडतच नाहीत. कडांवरची खपली मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कापसानं हलक्या हातानं सोडवायची आणि मलम लावून ओली ठेवायची. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी आत्याला पहिला प्रश्न विचारला होता, "मशेरी लावता का?" तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि त्या आकसल्या की पट्टीचं टोक काळं पडून मरतं. आमच्या भागातल्या बायका मशेरीला तंबाखूत धरतच नाहीत. आत्यानं ती सोडली आणि याचं तिला शेवटपर्यंत कौतुक वाटत राहिलं.

त्या दिवसांतली तिची एक तक्रार मी विसरणार नाही. नाकाला कापूस लावला की ती म्हणायची, "अरे, कपाळाला कशाला लावतोयस?" पट्टीतल्या मज्जातंतूंचा मेंदूशी संबंध जुन्याच पत्त्यावर असतो. त्यामुळे नाकावरचा स्पर्श कपाळावर झाल्यासारखा वाटतो. पूल कापल्यावर हे बदलतं, पण नव्या नाकाला स्वतःची जाणीव यायला महिनेच्या महिने लागतात, ती पुरती येईलच असंही नाही. चेहऱ्याशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते, ती अशी कातडीपासून.

ही शस्त्रक्रिया आपल्याला परकी नाही. सुश्रुतानं कपाळाची कातडी वापरली असं सरसकट सांगितलं जातं, पण सुश्रुतसंहितेत आहे ती गालाची: झाडाचं पान नाकाच्या मापाचं कापायचं, त्या मापानं गालाची कातडी उचलायची, नाकात दोन नळ्या घालून श्वासाची वाट ठेवायची. कपाळाची पट्टी जगाला कळली ती पुण्यामुळे. 1792च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर गाडी हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला आणि मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. ही हकीकत लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर 1794मध्ये छापून आली. मेणाची पातळ वडी उरलेल्या नाकावर बसवून माप घेतलं, ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि रेघ ओढली. कातडी उतरवून, पिळा देऊन खाली आणली आणि पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी जोडली. चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली. आजही आपण जवळपास त्याच सुमाराला कापतो. हा वृत्तान्त वाचून लंडनचे जोसेफ कार्प्यू कामाला लागले आणि 1814मध्ये त्यांनी तिथे तशी शस्त्रक्रिया केली.

त्या कारागिराचं नाव त्या हकीकतीत नाही. आणखीही एक गोष्ट नाही, आणि मला ती जास्त खुपते. मेण, कात, तूप, दिवस, सगळं आहे, पण नवं नाक घेऊन कावसजी माणसांत परतला तेव्हा काय झालं, यावर एक ओळ नाही. नाक कापणं ही शिक्षाच मुळी बघणाऱ्यांसाठी होती. ज्याचं कापलं तो जगावा आणि जन्मभर लोकांनी त्याला बघावं, असा तिचा हेतू. मग ती शिक्षा पुसली गेली की नाही हे त्या बघणाऱ्यांनाच विचारायला हवं होतं. सवाई माधवरावांचं आणि नाना फडणविसांचं चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सनं कावसजीचंही चित्र काढलं. त्यात तो सरळ समोर बघतो. एवढंच आपल्याला ठाऊक आहे.

पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांसाठी हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमध्ये सिडकप इथे रुग्णालय उभं केलं. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा पाया तिथे घातला गेला. त्या रुग्णालयातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवलेले होते. रुग्ण बाहेर पडून तिथे बसत आणि गावकऱ्यांना निळ्या रंगावरून आधीच समजे, की इथे बसलेला माणूस पाहून दचकायला होईल. सोय म्हणून ती केलेली असेल, मी तिला क्रूर म्हणत नाही. पण त्या रंगानं सांभाळलं ते वाटसरूंना. बाकावर बसलेल्या विशीतल्या पोराला रोज तेवढंच कळत राहिलं, की तुला बघण्याची लोकांना तयारी करावी लागते.

आपण बाक रंगवत नाही, पण आपलेही प्रकार आहेत. एक टक लावून बघण्याचा. दुसरा, आणि सुशिक्षितांत जास्त आढळणारा, नजर टाळण्याचा. समोरच्याशी बोलायचं आणि बघायचं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. तिसरा प्रकार मला सगळ्यांत वाईट वाटतो: "अहो, काही कळतसुद्धा नाही!" ज्याच्या कपाळावर उभा व्रण आहे आणि नाकपुडीची कड जाड दिसते आहे, त्याला हे सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. कळतं, हे त्याला ठाऊक असतं. त्यावर बोलायची इच्छाही असते. आपण मात्र विषय संपवून टाकतो.

आत्याला तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला तो आरशात नाही. मुलीचा परदेशातून व्हिडिओ कॉल आला. नातवानं फोन समोर धरला आणि कोपऱ्यातल्या चौकोनात ती स्वतःलाच दिसली. ती काही बोलली नाही. फोन झाल्यावर तिनं विचारलं, "कुंकू कुठे लावायचं आता?" व्रण भुवईपासून केसांपर्यंत सरळ वर गेलेला, आणि वरच्या टोकाला कपाळ पुरतं ओढून शिवता येत नाही म्हणून तिथली जखम आपोआप भरायला ठेवलेली. डॉक्टरांनी सांगितलं, जखम पुरती भरेपर्यंत काही लावायचं नाही. घरातल्या मोठ्यांना हा प्रश्न किरकोळ वाटला. मला तो सगळ्या आजारपणातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. उद्या चार बायकांत बसेन तेव्हा मी कोण म्हणून बसेन, हे ती विचारत होती. नथीचं तर तिनं काढलंच नाही.

घरातल्या सर्वांत धाकट्या नातीनं तो पूल पाहिला आणि म्हणाली, "आजीला सोंड आली." सुनेनं तिला दटावलं. आत्या मात्र हसली आणि तिनं तिला सगळं समजावून सांगितलं: ही कातडी कुठून आणली, का आणली, कधी कापणार. पोरीनं ऐकलं, एकदा बोट लावून पाहिलं आणि खेळायला गेली. त्या दिवसांत आत्या स्वतःहून आपल्या चेहऱ्याबद्दल इतकी कुणाशी बोलली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

डॉ. नोशीर अंतिया हे गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले मुंबईचे प्लास्टिक सर्जन. पुण्याजवळ कोंढव्याला आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरोग्यांची बसलेली नाकं उभी केली. औषधांनी जंतू मेले, माणूस बरा झाला, तरी बसलेलं नाक पाहून लोक त्याला रोगीच समजत आणि कामावर घेत नसत. त्या माणसांच्या दृष्टीनं नाक हा रोजगाराचा आणि घरी परतण्याचा प्रश्न होता. म्हणूनच 'आधी जीव, चेहरा नंतर' ही विभागणी मला पटत नाही. आरोग्यविम्याच्या नियमांनाही ती पूर्ण मान्य नाही. सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी विम्यातून वगळलेली असते, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना वगळलेली नसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ती वैद्यकीय गरज असल्याचं लिहून द्यावं लागतं. ज्यांना ही वेळ येईल त्यांनी हे लक्षात ठेवावं आणि 'ही कॉस्मेटिक आहे' असं ऐकून गप्प बसू नये.

बरं होणं लांबतं, हेही आधी सांगायला हवं. टाके काही दिवसांत निघतात म्हणून घरच्यांना वाटतं की झालं. व्रण आधी लाल आणि टणक होतो, मग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ हळूहळू मवाळ होत जातो. नवी नाकपुडी फुगीर राहते, ती पातळ करायला कधी पुन्हा लहान शस्त्रक्रिया करावी लागते. उन्हात व्रण काळवंडतो म्हणून टोपी, सनस्क्रीन आणि शेतावर जायच्या वेळा बदलणं आलं. नियमित तपासणीही आली, कारण एकदा झालेल्याला दुसरीकडे नवा होण्याचा संभव जास्त. हा सगळा काळ माणूस घरात, गल्लीत, बसस्टॉपवर लोकांच्या नजरेसमोर काढत असतो. शल्यविशारदाचं काम संपल्यावर उरलेलं काम आपल्याकडे येतं.

तेव्हा तुमच्या नात्यात, शेजारात असं कुणी असेल, तर सगळं 'नीट' होण्याची वाट बघू नका. पूल असतानाच भेटायला जा. समोर बसा, डोळ्यांकडे बघून बोला, "दुखतं का, झोप लागते का" हे विचारा आणि चेहऱ्याबद्दल त्यांना बोलायचं असेल तर पुरतं बोलू द्या. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्या घरी चुकवू नका. कुंकू कपाळावर लावता येत नसेल, तर कुठे लावू, हे त्यांनाच विचारा.