सगळेच मेले, तर गोष्ट सांगितली कोणी?

मे महिना लागला की शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत तळघरातले तंबू वर येतात. फार लांब जायचं नसेल तर एक नाव हटकून निघतं, ते म्हणजे इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावरचं ‘स्टार्व्ह्ड रॉक’ राज्य उद्यान. गाडीनं दीड-दोन तासांची वाट. इलिनॉय राज्यानं ही जागा १९११ मध्ये विकत घेतली. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारी योजनेतून कामाला लागलेल्या बेकार तरुणांनी इथल्या पायवाटा बांधल्या आणि ओंडक्यांचं देखणं विश्रामगृह उभारलं.

एक आधीच सांगून ठेवते, तंबू नदीला लागून पडत नाहीत. कॅम्पिंगची जागा वर रानात आहे. पहाटे जाग येते ती पाखरांनी, पाण्याच्या आवाजानं नाही. शेकोटीची लाकडंही घरून नेऊ नका, असं उद्यानवाले पुन्हा पुन्हा सांगतात. ॲशची झाडं पोखरणारा एक चकचकीत हिरवा किडा २००६ मध्ये इलिनॉयमध्ये सापडला, आणि तो जळाऊ लाकडांत बसून लांबलांबचा प्रवास करतो. तरी ‘घरामागं एवढा ढीग पडलाय’ म्हणून दोन मोळ्या डिकीत टाकणारे असतातच.

पायी हिंडायला इथं अठरा घळी आहेत. वालुकाश्म इतका भुसभुशीत की बोटानं खरवडला तर कण सुटतात. हिमयुग ओसरताना वितळलेल्या बर्फाचे लोंढे या दरीतून गेले, आणि पुढे लहान ओढ्यांनी कडे कापत घळी केल्या. धबधब्याचे फोटो पाहून ऑगस्टमध्ये जाल तर बहुधा कोरडी भिंत बघून याल. पाणी असतं ते बर्फ वितळताना आणि मोठ्या पावसानंतर. त्या मऊ भिंतींवर आपली नावं कोरणारे महाभाग तिथंही आहेत. त्या बाबतीत सिंहगडाची आठवण काढत बसायला नको.

सकाळी लवकर, गर्दी यायच्या आत, मुख्य कड्यावर जावं. पायऱ्या चढून वर गेलं की सव्वाशे फूट खाली नदी. हे पाणी आपल्याला अगदीच परकं नाही. १९०० मध्ये कालवा खोदून शिकागो नदीची दिशा उलटी फिरवली, तेव्हापासून शहराचं सांडपाणी मिशिगन सरोवराकडे न जाता याच नदीकडे येतं. शिकागोच्या स्वयंपाकघरात काल रात्री घासलेल्या भांड्यांचं पाणीही यथावकाश इथून पुढे मिसिसिपीला जाणार.

कड्याला हे नाव पडलं ते एका दंतकथेवरून. ऑटावा जमातीचा पुढारी पॉन्टिॲक याचा १७६९ मध्ये कहोकिया इथं खून झाला. मारेकरी पिओरिया, म्हणजे इलिनॉय लोकांच्या एका शाखेचा. इथवर इतिहास. पुढे दंतकथा सांगते, की सूड घ्यायला ऑटावा आणि पोटावाटोमी चालून आले, इलिनॉय लोक या कड्यावर चढले, आणि खाली वेढा पडला. पाण्यासाठी दोराला बांधून भांडी नदीत सोडली, तर खालच्यांनी दोर कापले. वरचे सगळे उपासमारीनं मेले.

मराठी माणसाला ही गोष्ट पटकन पटते, कारण वेढा आपल्या रक्तात आहे. गडावर चढल्यावर आपण आधी पाण्याचं टाकं शोधतो. या कड्यावर टाकं नाही, झरा नाही. एका उन्हाळ्यात पुण्याहून आलेल्या मावशी माझ्याबरोबर होत्या. मी रंगवून गोष्ट सांगितली, त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, “अगं, सगळेच मेले, तर गोष्ट सांगितली कोणी?”

मावशींच्या शंकेच्या बाजूनं कागदपत्रंही उभी आहेत. १७६९ नंतर अशी कत्तल झाल्याची त्या काळातली एकही नोंद इतिहासकारांना मिळालेली नाही. ही कथा लिहून ठेवली गेली ती पुढे एकोणिसाव्या शतकात, म्हणजे ही जमीन नव्या वसाहतवाल्यांच्या हाती जात होती तेव्हा. वेढा मात्र या कड्यानं खरोखर पाहिला आहे. १७२२ मध्ये फॉक्स जमातीनं इथं इलिनॉय लोकांना कोंडलं होतं. त्या वेढ्यातून ते वाचले आणि नंतर हा प्रदेश सोडून गेले. त्याहीआधी, १६८२-८३ च्या हिवाळ्यात, ला साल आणि टाँटी या फ्रेंचांच्या सरदारांनी याच कड्यावर सेंट लुई नावाची गढी बांधली होती. दहा वर्षांच्या आतच ती सोडून मंडळी नदीनं खाली पिओरियाच्या तळ्याकाठी गेली. तेव्हाच्या वृत्तांतात कारणं दिली आहेत ती अगदी घरगुती. जळण लांब गेलं होतं, आणि हल्ला झाला तर कड्यावर पाणी चढवणं कठीण होतं.

आता कड्यावरून समोर बघा. पलीकडच्या उत्तर काठावर मोकळा सपाट माळ आहे. १६७३ मध्ये जोलिए आणि मार्केट हे फ्रेंच प्रवासी होडीतून आले तेव्हा तिथं इलिनॉय लोकांच्याच कास्कास्किया शाखेचं गाव होतं. त्यांनी चौऱ्याहत्तर घरं मोजली. पुढच्या काही वर्षांत शेजारच्या जमातीही येऊन राहिल्या आणि वस्ती हजारांवर गेली. मका पिकवणारं, शिकारीला हंगामानं बाहेर पडणारं ते मोठं गाव होतं. कड्याला बांधीव पायऱ्या, कठडे, माहितीचे फलक सगळं आहे. त्या गावाकडे बोट दाखवून बोलणारे फारच थोडे भेटतात. लोक जिथं मेले असं सांगतात तिथं रांग लागते, ते जिथं पिढ्यान्‌पिढ्या जगले ते कुणी बघत नाही.

असं का, याचा विचार करता मला एवढंच दिसतं, की ‘सगळे संपले’ म्हटलं की सगळ्यांची सोय होते. मग जमीन कुणाची होती हे विचारायला कुणी उरत नाही, आणि दोष द्यायला दुसऱ्या जमातीच आयत्या सापडतात. खरं जे घडलं ते कथेत बसण्याजोगं नाही. रोगराई, लढाया, मग करारांमागून करार. १८३२ च्या करारानं इलिनॉय लोकांची या राज्यातली उरलीसुरली जमीन गेली. ते लोक आधी कॅन्ससकडे आणि १८६७ नंतर आजच्या ओक्लाहोमात गेले. एवढं होऊनही १९५०च्या दशकात अमेरिकी सरकारनं त्यांची जमात म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली. ती त्यांनी १९७८ मध्ये परत मिळवली.

कड्याच्या पायथ्याशी नदीवर बंधारा आहे. हिवाळ्यात बाकी पात्र गोठतं, पण बंधाऱ्याखालचं खळाळतं पाणी गोठत नाही. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत पांढऱ्या डोक्याचे गरुड तिथं मासे टिपायला जमतात आणि त्यांना बघायला माणसांची झुंबड उडते. डीडीटीनं हा पक्षी जवळजवळ नाहीसा केला होता. अलास्का वगळता उरलेल्या अमेरिकेत १९६३ मध्ये जेमतेम चारशेच्या वर जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये गरुड धोक्यातल्या यादीतून बाहेर पडला. दुर्बीण घेऊन आलेल्या शाळकरी मुलालाही ही हकिकत पाठ असते. गरुड परतल्याचा आनंद मलाही आहे. पण ज्यांच्या नावावरून या नदीचं आणि राज्याचं नाव पडलं, ते लोकही आहेत, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

तेव्हा या उन्हाळ्यात मुलांना घेऊन त्या कड्यावर गेलात, तर दंतकथा जरूर सांगा. वेढा, दोर, तहान, सगळं सांगा. ती दंतकथा आहे हेही सांगा, आणि मग त्यांना पलीकडचा काठ दाखवा. तिथल्या कास्कास्कियांचे आणि त्यांच्या भाऊबंदांचे वंशज आज पिओरिया जमात म्हणून ओळखले जातात. ओक्लाहोमा राज्यातल्या मायॅमी गावी त्यांचं मुख्यालय आहे आणि जमातीचं स्वतःचं निवडून आलेलं सरकार आहे.