प्रवास कशाने मोजावा

शिरपूरहून हजला निघालेला यात्रेकरू मुंबई-आग्रा महामार्गाने मुंबई गाठतो आणि तेथून विमानाने जेद्दाहला उतरतो. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर असून ते पाच-साडेपाच तासांत कापले जाते. १९९५ साली हजयात्रेकरूंची जहाजे बंद होईपर्यंत त्याच मुक्कामाला पोचायला आठवड्याहून अधिक काळ लागत असे. अंतर कायम राहून वेळ एवढा आक्रसला, तर प्रवासाला जोडलेले धर्मनियम कोणत्या मापाला बांधलेले मानावेत, हा फिकहपुढील, म्हणजे इस्लामी विधिशास्त्रापुढील, मूलभूत प्रश्न आहे.

नमाजापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे. चार रकातींची फर्ज, म्हणजे अनिवार्य, नमाज प्रवासात दोन रकातींची करणे याला कस्र म्हणतात (रकात म्हणजे उभे राहणे, झुकणे व सजदा मिळून होणारे एक आवर्तन). भारतातील बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्यात ही सवलत पायी किंवा उंटाच्या चालीने तीन दिवसांच्या वाटेला होती, आणि तिचे पुढे ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, असे ढोबळ माप रूढ झाले. त्यामुळे शिरपूरहून पन्नासएक किलोमीटरवरच्या धुळ्याला एसटीत उभ्याने गेलेला माणूस पूर्ण नमाज पढतो, तर विमानात निवांत बसलेला यात्रेकरू कस्र करतो. वरवर हे विपरीत वाटते. परंतु शास्त्रकारांनी नियमाचे कारण, म्हणजे प्रवास, आणि त्यामागील हेतू, म्हणजे कष्ट हलके करणे, यांत भेद केला, कारण कष्ट ज्याचे त्यालाच कळतात आणि अंतर सर्वांना सारखे असते. दुर्बलाला आपली दुर्बलता सिद्ध करावी लागू नये, हे या निवडीतील औदार्य फार मोलाचे आहे.

वारीत मात्र चालणे हीच साधना आहे. मुक्ताईनगरहून पंढरपूरला सुमारे महिनाभर पायी जाणाऱ्या मुक्ताबाईंच्या पादुका २०२० साली महामारीमुळे एसटीने न्याव्या लागल्या. भेट घडली, वाट घडली नाही.

हजमधील कठीण प्रश्न या दोहोंच्या मधला आहे. मक्केभोवती मीकात नावाची ठिकाणे नेमलेली असून त्यांपलीकडे एहरामाविना, म्हणजे हजची नियत करून काही गोष्टी स्वतःवर निषिद्ध केल्याविना, हज करू इच्छिणाऱ्याने जायचे नसते. जहाजातील भारतीय यात्रेकरू यलमलम या मीकातच्या समांतर आल्यावर एहराम बांधत. विमान मात्र जेद्दाहला टेकण्यापूर्वीच, आकाशातून, ही सीमा ओलांडते. काही विद्वानांनी हवाई प्रवाशांना जेद्दाहमध्ये एहराम बांधण्याची मुभा दिली, पण बहुसंख्यांनी ती नाकारली, आणि हे नाकारणेच अधिक सयुक्तिक आहे, कारण मीकात ही विसाव्याची जागा नसून संकल्पाची सीमा आहे. म्हणून पुष्कळ पुरुष मुंबईतच दोन बिनशिवलेली वस्त्रे नेसतात आणि विमानात सूचना होताच नियत करतात. पूर्वी मनाची जी तयारी समुद्रावरच्या दिवसांत होत असे, ती आता घरूनच करून निघावी लागते. आणि सीमा तशीच ओलांडली गेली, तर मीकातला परतणे किंवा कुर्बानी देणे भाग पडते.