हे कृश का झाले?



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध श्रावस्तीला होते. शरद ऋतूच्या आजाराने काही भिक्षूंच्या पोटात अन्न ठरेना. ते वाळले, निस्तेज झाले, अंगावर शिरा दिसू लागल्या. भगवंतांनी त्याला संयम म्हटले नाही. त्यांनी आनंदाला विचारले, हे भिक्षू असे कृश का झाले? कारण कळल्यावर तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्यास अनुमती दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा आजाऱ्यांसाठी वेळेचे बंधनही काढले.

आपल्या घरांत मात्र हा प्रश्न विचारलाच जात नाही. अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया हे आजार लवकर ओळखू येत नाहीत, कारण पुष्कळदा ते गुणासारखे दिसतात. मुलगी जेवण टाळते; आपण म्हणतो, 'छान बारीक झालीस!' वर्षावासात तिने अष्टशील घेतले, की कौतुकच होते. वजन ठीक असूनही खाल्लेले गुपचूप ओकून टाकणाऱ्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि मुलग्यांना हा आजार होतो हेच आपण मानत नाही. वर ऐकवतो, 'तुझे आजी-आजोबा उपाशी झोपले, तुला भरल्या ताटाचे काय दुखते?' त्यांची भूक खरी होती. पण तिचा दाखला ऐकून मूल जेवत नाही. ते आजार लपवू लागते.

या आजारांवर उपचार आहेत. सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा पॉलिक्लिनिकपासून करावी. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये यासाठी खास विभाग आहे. नागरिक आणि पीआर असणाऱ्यांना पॉलिक्लिनिकच्या चिठ्ठीने सवलतीचे दर मिळतात. पासवर राहणाऱ्यांना पूर्ण खर्च पडतो, म्हणून कंपनीच्या विम्यात मानसिक आजार येतात का, हे आधीच पाहून ठेवावे. मन मोकळे करायला 1771 हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मूल चक्कर येऊन पडले किंवा छातीत दुखू लागले, तर थेट 995.

आजारी माणसाने विकालभोजनाचे शील घेऊ नये. घरच्यांनीही तसा आग्रह धरू नये. भोजनाची मात्रा जाणणे म्हणजे कमी खाणे नव्हे, शरीराला पुरेल इतके खाणे. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर एकत्र जेवताना कोणाच्याही अंगावर किंवा ताटावर शेरा मारू नका. कोणी वाळलेले दिसले, तर एकांतात, मायेने, भगवंतांचाच प्रश्न विचारा. आणि उत्तर मिळाले, तर दवाखान्यापर्यंत सोबत जा.

भवतु सब्ब मंगलं!