उत्तर कोणाचं?

घोडेगावच्या कांदा बाजारापासून दोन-तीन कोसांवर, नेवासे तालुक्यातल्या एका वस्तीवर दोन भाऊ राहत होते. थोरल्याचं पाठांतर सगळ्या शाळेला ठाऊक होतं. धाकट्याचं नाव हजेरीपटाबाहेर कोणी घेत नसे. घरी, शेजारी, बाजारात तो नुसता धाकटा. आपणही त्याला तेच म्हणू.

२०१८ साली धाकटा नववीत गेला. धडा वाचायला उभं केलं की पहिल्या ओळीतच त्याची जीभ अडायची. वही उघडली की पानभर लाल शाई. शिक्षक म्हणत आळशी आहे, आई म्हणायची नजर लागली, आणि वडील काहीच म्हणत नसत. त्यांचं न बोलणंच त्याला जास्त लागायचं.

देवनागरी आपल्याला सोपी वाटते, कारण ती शिकतानाचे कष्ट आपण विसरून गेलो. ‘किती’ या शब्दातला पहिला इकार डोळ्याला आधी दिसतो आणि तोंडात नंतर येतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चारायचा त्याच्या आधी. बहुतेक मुलांच्या डोक्यात ही अदलाबदल दुसरी-तिसरीपर्यंत मुरून जाते. काहींच्या मुरत नाही. बुद्धी शाबूत असते, कान तीक्ष्ण असतात, फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की बसत नाही. याला डिस्लेक्सिया म्हणतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात नोंदवलेल्या २१ प्रकारांत अशी अध्ययन अक्षमता आहे आणि स्वमग्नताही आहे. कायदा झाला होता. वस्तीवर तो पोचला नव्हता, इतकंच.

वडील कांदा घेऊन बाजारात निघाले की धाकटा टेम्पोत मागे बसायचा. लिलावात कोणत्या वक्कलाला काय भाव फुटला, हे त्याला ऐकून लक्षात राहायचं. पट्टी हातात आली की वडील ती मोठ्यानं वाचत आणि तो तोंडी हिशेब करायचा: इतकं वजन, त्यातून हमाली, तोलाई, वाराई वजा, हातात इतके. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचंही. हे चुकणं मी मुद्दाम सांगतो आहे. वेगळ्या मेंदूच्या मुलाची गोष्ट सांगताना त्याच्याकडे एखादी अचाट देणगी असलीच पाहिजे, असा हट्ट आपण धरतो. जणू तो अलौकिक निघाला तरच मदतीला पात्र. धाकटा अलौकिक नव्हता. वर्गातल्या इतर मुलांइतकाच हुशार, त्यांच्याइतकाच खोडकर, आणि मनातलं कागदावर उतरवायला वाट नसलेला.

त्या वर्षी तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून एक ताई शाळेत येऊ लागल्या. समावेशित शिक्षणाचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी धाकट्याला वाचायला सांगितलंच नाही. जवळ बसवून म्हणाल्या, “बाजारात काल काय झालं ते सांग.” तो पंधरा मिनिटं थांबला नाही. ताईंनी वडिलांना बोलावून घेतलं.

“ताई, पोराच्या डोक्यात काही कमी हाय का?”

“नाही. डोक्यात आहे ते बाहेर काढायची वाट निराळी लागते. घरात स्मार्टफोन आहे?”

फोन होता, थोरल्याचा. त्यावर तो क्रिकेट बघायचा. त्याच फोनच्या कीबोर्डवर माइकचं एक बारकं चित्र होतं, ज्याकडे घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय दिली होती. म्हणजे धाकटा लाल शाईखाली दबत होता ते सबंध वर्ष त्याचा उपाय घरातल्या खिशात पडून होता. ताईंनी दोन गोष्टी शिकवल्या. माइक दाबून बोलायचं, म्हणजे फोन लिहितो. मग लिहिलेलं निवडून ऐकायचं, म्हणजे फोन वाचून दाखवतो. छापील धड्यावर कॅमेरा धरला तर तोही वाचतो.

पहिले काही दिवस गोंधळाचे गेले. ‘व्हतं’ म्हटलं की फोन भलतंच काही लिही. पंखा चालू असला की शब्द गिळी. धाकटा चिडून फोन बाजूला ठेवायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलायचा. हळूहळू तो सावकाश, पूर्ण वाक्यात बोलायला शिकला, आणि ऐकून चूक पकडायलाही.

अडचण यंत्राची नव्हतीच. ती शिक्षकांच्या खोलीत होती. मराठीचे सर तीस वर्षं शिकवत होते. मनानं वारकरी, मुलांवर जीव. तेच अडून बसले.

“ताई, चाळीस पोरं बोटं दुखेपर्यंत लिहितात. हा फोनपुढं बोलणार आणि फोन लिहिणार. मग मार्क मी कोणाला देऊ? ह्याला का फोनला?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. प्रामाणिक शिक्षकाला तो पडायलाच हवा. ताईंनीही वाद घातला नाही. “एकदा समोर बसून बघा, सर,” एवढंच म्हणाल्या.

चाचणीच्या दिवशी वर्ग वर्गात लिहीत होता आणि धाकटा प्रयोगशाळेत एकटा, समोर सर. प्रश्न होता, आपल्या परिसरातल्या एका स्थळाची माहिती लिहा. धाकट्यानं नेवाशाचा पैस खांब निवडला. सर दरवर्षी वर्गात सांगत तेच त्यानं आपल्या भाषेत सांगायला सुरुवात केली. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी या खांबाला टेकून गीतेचा अर्थ सांगितला. सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. मग धाकट्यानं सरांनी कधीही न सांगितलेलं एक वाक्य घातलं: “खांबावर जुनी अक्षरं कोरलेली आहेत. आम्ही सहलीला गेलो तेव्हा ती आमच्यापैकी कोणालाच वाचता आली नाहीत, त्या दिवशी मी सगळ्यांसारखा होतो.”

सरांनी मान वर केली. धाकट्याचं लक्ष नव्हतं. तो लिहिलेलं ऐकत होता.

फोन वाचत होता, “नेवाशाचा पैसे खांब.”

“पैसे नाही,” तो पुटपुटला. पुन्हा माइक दाबला. “पैस.” फोननं पुन्हा ‘पैसे’ लिहिलं. आणखी एकदा, पुन्हा तेच. मग त्यानं पडद्यावर बोट ठेवलं, शब्दाचं एकेक अक्षर तोंडातल्या तोंडात म्हटलं आणि ‘स’वरची मात्रा शोधून पुसली. ज्याच्या वहीत मात्रांपायी पानं लाल होत, त्यानं ती एक मात्रा ओळखली. कारण आधी ती त्याच्या कानाला खटकली होती. पुन्हा ऐकलं. मान हलवली. पुढे गेला.

तास संपल्यावर सरांनी उत्तर वाचलं आणि १० पैकी ७ गुण दिले.

“शेवट आटोपता घेतलास. मोहिनीराजाच्या देवळाचं नुसतं नाव घेऊन सोडून दिलंस. तीन कापलेत,” ते म्हणाले.

धाकटा घरी पळत गेला तो ते सात गुण सांगायला नव्हे, कापलेले तीन सांगायला. आजवर त्याचे गुण अक्षरापायी गेले होते. मजकुरासाठी गुण कापले जाण्याची ही पहिली वेळ. म्हणजे कोणीतरी त्याचा मजकूर वाचला होता.

संध्याकाळी ताई एस.टी.ची वाट बघत उभ्या होत्या, तिथं सर सायकल हातात धरून आले. “फोनला पैस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “त्याला होतं. आणि सच्चिदानंदबाबांचं नाव मी इतकी वर्षं शिकवतोय. ग्रंथ त्यांचा, असं आजवर एकाही पोरानं पेपरात लिहिलं नाही.”

दहावीचं काम आणखी कष्टाचं होतं. बोर्डाच्या परीक्षेत फोन चालत नाही, लेखनिक चालतो. त्यासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, ते तपासण्या झाल्याशिवाय मिळत नाही, आणि वडिलांना ऐन कांदा काढणीत नगरला खेपा घालाव्या लागल्या. प्रमाणपत्र आलं. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळाला. खालच्या इयत्तेतला एक मुलगा लेखनिक म्हणून मिळाला, आणि इथं फोनवरचा सराव कामी आला. दुसऱ्याच्या हातानं लिहायचं तर वाक्य आधी मनात पुरं करावं लागतं, ते धाकट्याला एव्हाना जमत होतं. २०२० च्या मार्चमध्ये परीक्षा देऊन तो दहावी झाला. गुण बेताचे पडले. पण ते त्याचे होते.

पुढे तो कांद्याच्याच धंद्यात उतरला. मामांच्या भागीत बाजारालगत एक गाळा घेतला. हिशेब बोलून लिहायचा, व्यापाऱ्यांची पत्रं फोनकडून ऐकायचा. गावात कोणाचं पोर अभ्यासात अडलं की धाकटा आधी फोन हातात द्यायचा आणि म्हणायचा, “बोल.” त्याच्या लेखी जगातल्या सगळ्या कुलपांना ही एकच किल्ली होती.

मग शेवगावकडच्या मावशीनं आपला मुलगा त्याच्याकडे कामाला पाठवला. वय एकोणीस. स्वमग्न. बोलत नसे. लोक त्याला मुका म्हणत, पण त्याला सगळं ऐकू येत होतं, किंबहुना फारच ऐकू येत होतं. लिलावाचा लाउडस्पीकर, हमालांच्या हाका, टेम्पोचे भोंगे एकदम सुरू झाले की तो दोन्ही कान दाबून गाळ्यामागे निघून जायचा. गोणी अर्धी भरलेली तिथंच.

धाकट्यानं मोठ्या हौसेनं त्याला नवा फोन आणला, माइक दाखवला. “बोल.” मुलगा नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं फोन कांद्याच्या ढिगात फेकला आणि निघून गेला.

“एवढी सोय करून दिली, तरी ह्याला किंमत नाही,” धाकटा तडकला.

कांदा निवडणारी एक म्हातारी बाई हातातलं काम न थांबवता म्हणाली, “आरं, तुला लिवता येत न्हवतं तवा तुला कुणी रोज नवी पाटी आणून दिली असती, तर तू काय केलं असतं?”

धाकट्याला उत्तर सुचलं नाही. बाई पुढं सांगत गेली. पोराला तहान लागली की तो तिच्या तांब्यावर टिचकी मारतो. स्पीकर लागायच्या जरा आधीच तो अस्वस्थ होतो, कारण माणसं गोळा होताना त्याला दिसतात. मोठा कांदा, मध्यम आणि गोल्टी तो नीट वेगळी करतो, पण मधेच कोणी ‘आता हे कर’ म्हटलं की त्याचं सगळंच थांबतं. तो रोज सांगत होता, आणि हे तिनं महिनाभर नुसतं शेजारी बसून ओळखलं होतं.

धाकट्यानं रात्री ताईंना फोन केला. त्यांनी जेलो नावाच्या अ‍ॅपचं नाव सांगितलं. मुंबईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या विभागानं बोलता न येणाऱ्यांसाठी ते तयार केलंय, फुकट आहे, मराठीतही आहे. चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलतो. कडेला आवडतं, हो, आणखी, आणि आवडत नाही, नको, कमी अशी बटणं. “पण फोन देऊन थांबू नकोस,” ताई म्हणाल्या. “आधी तू स्वतः त्याच्यासमोर चित्रं दाबून बोल. आपल्या घरातली पोरं बोलायला कशी शिकली? आपण बोलत होतो म्हणून.”

बाकीचं गाळ्यातच झालं. कामाच्या पायऱ्यांचे फोटो काढून भिंतीवर क्रमानं लावले: निवडणं, गोणी भरणं, तोंड शिवणं, थप्पी लावणं. कान झाकायला मशीनवर काम करणारे घालतात तसली जाड टोपणं नगरहून आणली. भिंतीवरचे फोटो नव्यानं आलेले मजूरही बघू लागले, त्यांनाही रोज विचारावं लागेना. धाकटा मात्र जाता-येता फोनवर चित्रं दाबत राहिला: पाणी, चहा, आणखी, हो.

मुलगा आधी फक्त ‘पाणी’ दाबायला लागला. मग एका लिलावाच्या सकाळी, घाईगर्दीत, धाकट्यानं त्याला स्पीकरजवळ थप्पी लावायला सांगितलं. मुलानं फोन काढला. “नको,” फोन बोलला. धाकट्यानं पुन्हा हात दाखवला. “नको. नको.” दोन-तीन हमाल हसले.

धाकटा हसला नाही. त्यानं थप्पीचं काम दुसऱ्याला दिलं आणि त्याच दिवशी मुलाच्या वेळा बदलल्या. पहाटे सहापासून लिलाव सुरू होईपर्यंत, आणि बाजार उठल्यावर पुन्हा.

मामांना ते पटलं नाही. “लिलावाच्या वेळेला नसतो, मग पुरी मजुरी कशाची?”

“तुम्ही गोण्या मोजा,” धाकटा म्हणाला. “मजुरी गोणीवर ठरलीय. त्यात लिलावाला उभं राहायचं कुठं होतं?”

मामांनी शनिवारी गोण्या मोजल्या. इतरांच्या दरानं पैसे झाले ते धाकट्यानं मावशीकडे पाठवले नाहीत. मुलाच्या हातात मोजून दिले, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं बँकेत खातं उघडायला त्याला बरोबर घेऊन गेला.