पापी माणसाचे मोल

रविवारच्या मराठी उपासनेत आपण सगळे मिळून पापांची कबुली देतो. न्यायाधीश असो की झाडूवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच शब्द असतात: आम्ही चुकलो, आम्ही पापी आहोत. बाहेरच्या माणसाला इथे एक प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. समाजाने ज्याला आधीच खाली ढकलले, त्याला पुन्हा ‘तू पापी’ म्हणणारा धर्म स्वतःची किंमत ओळखायला कसा शिकवणार? मला या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा पुण्याच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसते. ते उत्तर इथे कुणी एका बैठकीत मांडले नाही. माणसांनी ते जगून, अडखळत, पुष्कळदा एकट्याने घडवले.

सुरुवात ख्रिस्ती घरातून झाली नाही. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकत होती आणि चौदा वर्षांची होती. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे तिने थेट देवालाच विचारले. या प्रश्नातला आत्मविश्वास मला दर वेळी थक्क करतो. आपल्याला निर्माण करणाऱ्याला जाब विचारायचा हक्क आपल्याला आहे, हे तिने गृहीतच धरले होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीरावांनी बाप्तिस्मा घेतला नाही, पण सर्व माणसे एकाच निर्मिकाची लेकरे आहेत, हा विचार त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ख्रिस्ती शिकवणुकीचा पुण्यातला पहिला मोठा परिणाम असा मंडळीच्या बाहेर झाला. आपण ख्रिस्ती लोकांनी हे मोकळेपणाने मान्य करावे.

त्यानंतर 1882 साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. आईवडील दुष्काळात गेले होते, भाऊ गेला होता आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत पतीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती. चारच वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या विद्वानांनी या बाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. विद्येने मिळवता येते तेवढी किंमत त्यांनी मिळवली होती. पण पती जाताच तीच पंडिता लोकांच्या नजरेत आधी विधवा झाली. वैधव्य हे मागल्या जन्मीच्या पापाचे फळ, अशी समजूत घरोघर होती. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना एक गोष्ट खुपली होती. अनेक बाबतींत एकमेकांशी न जुळणारे ग्रंथ स्त्रीच्या हीनतेवर मात्र एकमताने बोलत होते. पुरुषासारखा मोक्ष तिच्यासाठी नव्हता.

माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. पापाची कल्पना रमाबाईंना नवी नव्हती. त्यांना ठाऊक असलेले पाप विशिष्ट माणसांना जन्माने, लिंगाने किंवा वैधव्याने चिकटत होते, आणि ते चिकटवणारे स्वतः त्यातून सुटत होते. ख्रिस्ती कबुलीत कुणीच सुटत नाही. पाळकही पापी, बिशपही पापी आणि राणीही पापी. सगळेच एका रांगेत उभे राहिले की रांगेच्या शेवटी ढकललेल्या माणसाच्या माथ्यावरचा वेगळा डाग नाहीसा होतो.

हे त्यांना एकदम उमगले नाही. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली, मिशनमधल्या एका बाईंकडे इंग्रजी आणि नवा करार वाचला, आणि नीलकंठशास्त्री म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांच्याशी चर्चा केली. 1883 मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज येथे गेल्या. तिथल्या ख्रिस्ती मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले एक आश्रयगृह पाहायला पाठवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रिया तिथे नव्याने उभ्या राहत होत्या आणि दुसऱ्यांची सेवा करत होत्या. असे दृश्य रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. या स्त्रियांची एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला, ज्यात येशू विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलतो. त्या स्त्रीची जात हलकी मानलेली होती, तिचे पाच नवरे झाले होते आणि आता ती सहाव्या पुरुषासोबत राहत होती. येशूने तिच्याकडे पाणी मागितले, तिच्या आयुष्यातले सत्य लपवले नाही आणि तरीही आपण कोण आहोत हे तिला सांगितले. कुणी आपल्याला पूर्ण ओळखून तुच्छ मानत नाही, तेव्हा जी किंमत कळते ती पदवीने कळत नाही. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर त्या नम्र, आज्ञाधारक शिष्या झाल्या, असे मात्र नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार मी पुन्हा पुन्हा वाचतो. भारतातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्या ठणकावून सांगतात. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या वाद घालतात आणि शाकाहार सोडत नाहीत. क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का, माझ्या संस्कृतमध्ये का नकोत, असेही विचारतात. इंग्रज भगिनींना यात अहंकार दिसला. मला यात त्यांच्या विश्वासाचे पहिले फळ दिसते. देवाने ज्याला मोलाचे मानले, तो माणसांच्या हुकमापुढे आपली विवेकबुद्धी गहाण टाकत नाही.

तरीही 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की पहिली आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मते पटली होती, पण स्वतःला लायक करण्याची धडपड चालूच होती. 1891 च्या सुमारास त्यांना कळले की तारण हे कमावायचे नसून आत्ता, आहे त्या अवस्थेत स्वीकारायचे आहे. सारे आयुष्य विद्येवर उभे करणाऱ्या स्त्रीला हे किती कठीण गेले असेल! जे कमावले ते निसटू शकते. जे कृपेने दिले गेले त्याचा हिशेब दुसऱ्याच्या हातात असतो, आणि रमाबाईंच्या मते तो हात विश्वासू होता.

त्या वेळच्या पुण्यात ख्रिस्ती असणे म्हणजे काय होते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर पुढे धर्मसभेत प्रकरण चालले आणि प्रायश्चित्ताचा वाद पेटला. 1890 मध्येच रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी काढलेले शारदा सदन पुण्यात आणले. ज्या विश्वासाने आतून किंमत दिली, त्यानेच गावातली पत घालवली. 1893 मध्ये सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, कारण रमाबाईंनी आपला विश्वास कधी दडवला नाही. पण त्याच सदनातल्या गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे, हिंदूच राहिल्या आणि ताठ मानेने जगल्या. ख्रिस्ती कृपेतून मिळालेली उभारी बाप्तिस्म्याच्या अटीवर दिली जात नव्हती, याचे एवढे बोलके उदाहरण दुसरे नाही.

पुढे दुष्काळ आला, प्लेग आला आणि काम केडगावच्या मुक्ती सदनात गेले. सदनातल्या एका मुलीची पुण्यातल्या सरकारी प्लेग-व्यवस्थेत दुर्दशा झाली, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात लिहून सरकारलाच जाब विचारला. हजारो माणसे मरत असताना त्या एकीसाठी भांडल्या. 1899 मध्ये त्यांनी ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. फुलहॅममध्ये पाहिलेले सोळा वर्षांनी दौंड तालुक्यात उभे राहिले. केडगावात आश्रितेलाही काम होते: विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि त्याच्या छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, तेव्हा ते काम पुरे होत आले होते.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षांनी त्या परत आल्या, पण सोवळे-ओवळे पाळतच राहिल्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच स्वतःला विचारला आणि उत्तर मिळाल्यावर जात टाकली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई ज्या मोकळेपणाने स्वतःवर हसते, ते हसू स्वतःला सिद्ध करण्याची गरज संपल्याशिवाय येत नाही. टिळकांनीही तुकोबांचे ऋण कधी नाकारले नाही. मराठी माणसाला कृपा ही परकी वाटायचे कारण नव्हते, कारण संतांनी ती जमीन आधीच नांगरून ठेवली होती.

आतापर्यंतची नावे मात्र बहुतेक ब्राह्मण घरांतली आहेत, आणि याची बोच मला आहे. महाराष्ट्रातल्या मंडळ्या भरल्या त्या मुख्यतः महार आणि मांग कुटुंबांनी. त्यांचे पूर्वाश्रम कुणी पुस्तकातून गौरवले नाहीत. लग्नाच्या बोलणीत ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आजही ख्रिस्ती घरांत ऐकू येतो. ‘सगळे पापी, सगळी लेकरे’ हा विचार मंडळीच्या दारातून आत आला आणि सोयरिकीच्या बैठकीत अडला. 1981 मध्ये बंगळूरात ईश्वरमीमांसक अरविंद निर्मळ यांनी या अडलेल्या ठिकाणाहून बोलायला सुरुवात केली. दलित ख्रिस्ती माणसाने उच्चवर्णीयांची ईश्वरमीमांसा उसनी का घ्यावी, नाकारला गेलेला ख्रिस्त स्वतः कुणाच्या बाजूचा आहे, असे त्यांनी विचारले. मुक्ताच्या प्रश्नाला सव्वाशे वर्षांनी मंडळीच्या आतून मिळालेली ही साद आहे, असे मी मानतो.

राज्यव्यवस्थेने हा पेच आणखी अवघड केला. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात मुख्यतः हिंदूच धरले गेले. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, पण ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. 2022 मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. अशा आयोगापुढे आपला हक्क मांडायचा तर दलित ख्रिस्ती माणसाला आपल्याच मंडळीत भेदभाव कसा होतो, हे सांगावे लागते. आपल्या पवित्र ठिकाणाची लाज चारचौघांत उघडी करायची, तीही त्या ठिकाणावरचे प्रेम न सोडता. वाँटेजच्या भगिनींना पत्रे लिहिणाऱ्या रमाबाईंनी हेच केले होते, आणि आज हे करणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. काही पाळक त्यांना गप्प बसायला सांगतात. मी त्या पाळकांच्या बाजूचा नाही.